ओळ क्रमांक सत्तेचाळीस

रविनगर चौकातून आत, पानठेल्याला लागून माझं दुकान.
टायपिंग, बाइंडिंग, झेरॉक्स.
साध्या पानाचे पंधरा रुपये, तक्त्याचे तीस,
कारण तक्ता हट्टी असतो बाप्पा,
एक रकाना सरकला की सगळे देश सरकतात.

मे महिना. कूलरमध्ये पाणी कमी, आवाज जास्त.
इदरीस पीएच.डी.ची वही घेऊन आला.
विषय इंग्रजीत दोन ओळींचा,
मराठीत मी माझ्यापुरता केला:
जिथं बोलता येतं, तिथं माणूस जास्त जगतो का?

डावीकडे मतदान, वर्तमानपत्रं, मोर्चे.
उजवीकडे आयुर्मान, शाळेची वर्षं, मिळकत.
एकशे एकोणीस देश.
मी आकडे मारत गेले.
देश म्हणजे काय,
एन्टर दाबायच्या आधीचे सहा आकडे.

बाकावर बसून तो एकेक पान तपासायचा.
"ताई, तुमच्याकडे कसं आहे?"
म्हटलं, नारी रोडला आमच्या गल्लीत उघडा नाला आहे.
सुमेधची पोट्टी पडली होती त्यात, वाचली.
मी अर्ज टाइप केला,
नगरसेवकाचं नाव घेऊन, जाड अक्षरात.
पंच्याहत्तर सह्या. पहिली माझी, मोबाइल नंबरासकट.
पेपरातही आलं, आतल्या पानावर.
"मग?"
मग काय. नाल्याचं काही झालं नाही.
"आणि तुमचं?"
माझं काहून काही होईल?
माझंही काही झालं नाही.

तो हसायला लागला,
इतका, की ठेल्यावरचा दयाराम चुना मळता मळता वाकून पाहू लागला.
मग चष्मा काढून पुसत बसला.

म्हणाला, आमच्या शहरात एकही नाला उघडा नाही.
दिवे जात नाहीत.
आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन फुकट झालं.
बहीण पूल बांधते.
भावानं भिंतीवर एक वाक्य लिहिलं होतं,
सात शब्दांचं.
कोणतं, ते मी विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी भिंत पांढरीशुभ्र होती.
रंगाची टंचाई नाही तिथं.
भाऊ
एवढं म्हणून त्यानं पान उलटलं.

निष्कर्ष पाचव्या प्रकरणात:
दोन्ही रकाने बऱ्यापैकी सोबत चालतात,
पुढे कोण, मागे कोण, हे आकड्यांवरून सांगता येत नाही.
'बऱ्यापैकी'वर माझी बोटं थांबली.
माझी आई दर निवडणुकीला सकाळी सातच्या आत रांगेत,
शाई वाळेपर्यंत बोट वर धरून घरी यायची.
सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यातही तिचा नंबर लागला होता, खाटेसाठी.
तो आला नाही.
तिचं मत मोजलं गेलं. तिचं वय
आयुर्मानाच्या रकान्यात कुठंतरी, सरासरी खाली ओढत, असेल.
तरी ती त्या बोटाला हळदही लावू द्यायची नाही
शाई जाईस्तोवर.
हे कोणत्या प्रकरणात टाकायचं,
मला कळलं नाही. मी पुढचं पान घेतलं.

शेवटच्या दिवशी शटर अर्धं खाली असताना तो आला.
"ताई, सत्तेचाळीस नंबरची ओळ काढा."
मला देशाचं नाव वाचायची गरज नव्हती.
"परत जायचं आहे. आई आहे तिथं."

ओळ निवडली. डिलीट.
खालचे बहात्तर देश एक पायरी वर आले, आवाज न करता.
सहसंबंध तिसऱ्या दशांशात हलला.
मुखपृष्ठावर एकशे अठरा केलं.

अनुक्रमांक मात्र मी हातानं टाकलेले.
ते तसेच ठेवले:
सेहेचाळीस, मग अठ्ठेचाळीस.
प्रिंट तपासताना त्याचं बोट तिथं आलं,
थांबलं.
कूलर घरघरत होता.
"दुरुस्त करू?"
"राहू द्या."

पैसे मोजून दिले, तक्त्याचे पूर्ण.
पावती कोणाच्या नावानं फाडू, विचारलं.
म्हणाला, नाव नको.

मी खाली माझी सही केली.