सामाईक

वाटणीच्या कागदावर सगळं मोजून लिहिलेलं:
खालचा मजला भरतेशचा, वरचा जिनदत्तचा,
बोअर सामाईक, बोळ सामाईक.
जिन्याखालच्या जागेवर तर वकिलांनी अख्खी दुपार घातली.
इंटरनेट लिहायचं राहून गेलं.

वायर एकच, माधवनगर रोडच्या खांबावरून आलेली.
राउटर जिन्याच्या वळणावर, खिळ्याला.
निम्मं बिल त्यांचं, निम्मं आमचं.
दुसरं कनेक्शन घ्यायला दोघांपैकी एकाही भावाचा
हात खिशाकडे जाईना.
भांडण परवडलं, दुप्पट भाडं नाही.

खाली मी हळदीच्या पुड्यांची लेबलं करते,
वर त्रिशला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची बिलं.
प्रिंटर माझ्याकडे, स्कॅनर तिच्याकडे.
म्हणून तिच्या पार्श्वनं एका रविवारी,
दोन्हीकडचा चहा पिऊन,
एक फोल्डर उघडून दिलं.
"नाव काय देऊ, मोठी आई?"
कागदावर आहे तेच दे, म्हटलं.

मग म्हणाला, कुणाकुणाला दिसू दे?
यादीत पहिलंच होतं, एव्हरीवन.
त्यानं क्लिक केलं, सहज,
अंगावरची मुंगी झटकावी तसं.
या घरात 'सगळे' हा शब्द
बऱ्याच दिवसांनी कुणीतरी वापरला.
आणि नुसतं वाचू द्यायचं, का लिहूही द्यायचं?
मी चष्मा पुसत बसले.
लिहू दे, म्हटलं शेवटी.

पाटल्या वाटल्या तेव्हा चाराच्या दोन-दोन झाल्या.
इथं मी लेबल ठेवते, ती उचलून नेते,
आणि माझं माझ्याकडे जागच्या जागी.
असली वाटणी
कुठल्या वकिलाला दाखवावी?

काही महिने नुसती बिलं आली-गेली.
मग एकदा एक फाइल दिसली.
आत काही नाही, शून्य केबी.
नाव मात्र: पाणी_उद्या_येणार_नाही.
दोनदा उघडून पाहिली. कोरीच.
सांगायचं ते दारावरच लिहून ती परत गेली होती.
मीही एक ठेवली: कळलं.

तिथून सुरू झालं.
गॅसवाला_दोनला.
सासूबाईंची_शुगर_२१०.
आज_चतुर्दशी_बटाटा_नको_पाठवू.
पार्श्वला_बोलू_नका_मार्क_कमी_पडलेत.
ही वाचून मी मान वर केली.
छत होतं. पंखा फिरत होता.

ऑगस्टात नावं भराभर बदलायला लागली.
आयर्विनला_३९.
आयर्विनला_४१_खालचं_कपाट_रिकामं_करा.
आयर्विनला_४३.
आणि पाचच मिनिटांनी, अंडरस्कोअर न घालता, घाईनं:
कॉम्प्युटर वर आणा

तीन रात्री दोन्ही मशीन तिच्या टेबलावर शेजारी शेजारी.
लाईट नाही, राउटर आंधळा.
भरतेश आणि जिनदत्त गॅलरीत
बॅटरी मारून बोळातलं पाणी मोजत होते,
लहानपणी मोजायचे तसं, खिडकीच्या गजांवरून.
इकडे मेणबत्तीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी,
आणि शब्द सुचेना.
फाइलीत किती छान बोलायचो.
तिनं मुरमुऱ्यांचा डबा पुढं सरकवला.
मी घेतले.

पाणी बोळाच्या तोंडाशी येऊन मागं फिरलं.
सामान खाली आलं, वायरी लागल्या,
राउटरचे हिरवे डोळे एकेक करून उघडले.
सामाईकमध्ये दोन दिवस काहीच नाही.
तिसऱ्या दिवशी एक फाइल. नाव नुसतं: वहिनी.
शून्य नव्हती. एक केबी.
उघडायच्या आधी मी हात पुसले, उगीचच.

आत एक ओळ.
तुमची सांडग्यांची बरणी वर राहिली आहे.

या म्हणाली नव्हती.
पाठवते असंही नाही.
लेबलांचं काम तसंच ठेवून मी उठले,
जिना सतरा पायऱ्यांचा आहे,
गुडघे दुखतात,
वळणावर राउटरला पदर अडकला तेवढा सोडवला.