तेविसावी

जुलैच्या हिवात ती बर्नीहून ट्रेलरवर आली,
निळ्या ताडपत्रीत, दोऱ्यांनी आवळलेली,
आणि डार्सी म्हणाला, "ही शेवटची."
मी केटली ठेवायला आत गेले.
सतरावीसुद्धा शेवटचीच होती.

सासऱ्यांची सफरचंदं भरायची शेड.
बागा उपटल्या, खोके सरपणात गेले,
आणि जिथे पोरी फळांना कागद गुंडाळायच्या
तिथे आता या उभ्या, हँडल एकाच बाजूला वळवून,
दावणीच्या गाईंसारख्या:
एक, जिची किक माणसालाच उडवते.
एक, जी पाहुण्यांसमोर कधीच सुरू होत नाही.
एक साइडकारवाली. टॅमसिन पोटात असताना
मी तिच्यात बसून ह्यूऑनव्हिलच्या दवाखान्यात गेले
आणि खड्ड्याखड्ड्याला देवाचं नाव घेतलं,
एरवी घेत नाही ते.
प्रत्येकीखाली केकचा जुना ट्रे.
तेल गळतंय म्हणजे तेल आहे, असं तो म्हणतो.

ही वेगळीच निघाली.
चार सिलिंडर, साखळीच्या जागी शाफ्ट,
पुढे काच, मागे दोन पेट्या, झाकणं चोख बसणारी.
क्लेमने कुंपणापलीकडून पाहिलं, म्हणाला,
"चाकांचा फ्रीज आणलास, पायबस."
डार्सी हसला नाही.
त्याने बटण दाबलं.
मला वाटलं, सुरूच झाली नाही.
मग मागच्या नळीतून वाफ दिसली.

"नाणं दे," तो म्हणाला.
प्लॅटिपसचं, वीस सेंटचं.
टाकीच्या झाकणावर ते कडेवर उभं करायचं
आणि इंजिन चार हजारांवर न्यायचं.
पडलं नाही तर खरं.
पहिल्यांदा पडलं.
दुसऱ्यांदा घरंगळत शेजारणीच्या ट्रेमध्ये गेलं.
तिसऱ्यांदा मी पाहिलं,
ते इंजिन पाडत नव्हतं.

मी त्याच्या बोटांतून काढून घेतलं. उभं केलं. सोडलं.
चार हजार. पाच हजार.
प्लॅटिपस जागचा हलला नाही.
आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.
एकमेकांकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

तीन वर्षं तो सांगत आला होता:
अगं, जुन्या गाड्या, हातात मुंग्या राहतात,
बशी वाजते ती त्यांच्यामुळे.
मी ऐकून घेतलं, बशी काढून टाकली,
चहा मोठ्या मगात, अर्धाच द्यायला लागले.
बावीस थरथरत्या गाड्यांत
एक थरथरता माणूस सहज लपतो.

रविवारी कॉकल क्रीकच्या वाटेला लागलो,
डांबर संपतं तिथवर.
वळणावर वळणं, ओले निलगिरी, मधूनच समुद्र,
आणि पोटातलं पाणी हललं नाही.
मी मागे, हात त्याच्या कमरेभोवती.
खाली इंजिन आहे की नाही, कळेना.
जाकिटातून मला फक्त तो कळत होता:
डावा दंड, बारीक, थांबून थांबून,
दिव्यासमोर सापडलेला वॉलबी थरथरतो तसा,
पळायचं की नाही, हे न ठरवता.
"किती गुळगुळीत आहे ना?" तो हेल्मेटमधून ओरडला.
"हो," मी म्हटलं. "सगळं कळतं."

हेच कळावं म्हणून त्याने ती आणली का,
की क्लेमला चिडवायला, की किंमत बरी होती म्हणून,
मी विचारलं नाही. त्यालाही ठाऊक नसेल.
गुरुवारी होबार्टला डॉक्टरांची वेळ आहे.
हिच्यावरूनच जाऊ म्हणतो. पेटीत डबा मावतो म्हणे.

काल रात्री कंदील घेऊन मी शेडमध्ये गेले
आणि सवयीने तिच्याखालीही एक ट्रे सरकवला.
सकाळी पाहिला. कोरडा.
राहू दिला तसाच,
बाकीच्या बावीसजणींना वाईट वाटायला नको.