चालू आहे

सेल्फ मारला की उठतं.
पहिल्याच हाकेला, धूर न सोडता.
कुदळवाडीच्या भंगारातून आणलेलं इंजिन
आमच्या जुन्यापेक्षा गोड बोलतं.
इलियासभाई म्हणाला, "सानप, घाल पहिला."
मी घातला. क्लच सोडला.
गाडी जागेवर.

दुसरा घातला. रिव्हर्स घातला.
शेवटी टॉप घालून पाय एकदम उचलला,
म्हटलं गचका खाऊन बंद तरी पडेल.
पडलं नाही. गुणगुणत राहिलं,
दुसऱ्याच कुणाच्या घरात बसल्यासारखं.

"उटी काढली का?" कुणीतरी विचारलंच.
गोरक्ष वाकून बघायला गेला
आणि मागच्या चाकाखालून खरंच एक दगड निघाला.
सगळे हसले.
तरी गाडी हलली नाही.

निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात हा तिसरा दिवस.
गव्हाणे शेठचा फोन दर अर्ध्या तासाला:
भोसरीत कास्टिंग तयार पडलंय, चाकणवाले बोंबलतायत.
केजहून बायकोचा एकच: "काय झालं गाडीचं?"
म्हणालो, चालू आहे.
खोटं नव्हतं ते.
चालू आहे, फक्त चालत नाही,
हे फोनवर कसं सांगायचं.

मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.
पायाला सकाळीच कळलं होतं.
पेडल जड होतं, हवं तेवढं,
पण सोडताना मध्यावर कुठेतरी जे पकडतं,
जिथं तळव्याला समजतं
की आता मागचं सगळं वजन आपलं झालं,
ते येतच नव्हतं.
पण ड्रायव्हरच्या पायाला कोण विचारतं.

इलियासभाई पद्धतीचा माणूस. मागून पुढे येतो.
गोरक्ष खाली झोपला,
प्रोपेलरवर खडूची रेघ मारली.
"फिरते का?"
"नाय."
म्हणजे दोष तिच्या पुढे.
गिअरबॉक्सचं झाकण काढलं:
तेलात गिअर स्वस्थ,
डबक्यात म्हशी बसतात तसे.
म्हणजे त्याच्याही पुढे.
मग काय, उतरवला.
चार माणसं, एक जॅक, असंख्य शिव्या.

प्लेट कोरी. फ्लायव्हील आरशासारखं.
इलियासभाईने प्लेट शाफ्टवर चढवली
आणि बोटाने नुसतं ढकललं.
फिरली. गोल, मोकळी,
आजारातून उठलेल्या बाईच्या मनगटात
बांगडी फिरावी तशी.
दाताला दात लागतच नव्हता.
इंजिनाबरोबर त्याचीच प्लेट आली होती,
मोठ्या गाडीची, मोठ्या भोकाची.

तेव्हा आठवलं:
परवा गिअरबॉक्स बसवताना,
एरवी तासभर रडवणारा तो,
एका धक्क्यात आत गेला होता
आणि आम्ही खूश होऊन मिसळ मागवली होती.

"जुनी प्लेट कुठाय?"
गोरक्षने मान खाली घातली.
भंगारात. किलोवर.
त्या पैशांचा रिचार्जही मारून झाला होता.

रात्री नऊला पुन्हा कुदळवाडी.
मोबाइलच्या उजेडात लोखंडाचा ढीग उपसला.
मलाच सापडली ती.
अकरा वर्षं पाय देऊन होतो तिच्यावर,
दापोडीच्या सिग्नलला, खंबाटकीच्या चढाला,
पण तोंड पहिल्यांदाच बघत होतो:
काळवंडलेली, एका अंगाने जास्त झिजलेली.
माझ्याच सवयीने झिजली असणार.
"सहा महिने काढेल," इलियासभाई म्हणाला,
"मग शेठला सांग, नवी आण, भोक मोजून."

पहाटे पाय हळूहळू उचलला.
मध्यावर आलं ते.
आवाज जाड झाला, इंजिन जरा दबलं,
गाडी हातभर पुढे सरकली
आणि गोरक्षचा चहाचा स्टीलचा ग्लास
चाकाखाली चपटा झाला.
कुणी काही बोललं नाही.

भिंतीशी दोन टायरांवर
जुनं इंजिन बसलं होतं,
भोकाभोकांत चिंध्या कोंबलेलं.
गेटातून वळताना मी हॉर्न दिला.
समोर कुणी नव्हतं.