तिसरा मजला, दार क्रमांक सात

रास्ता पेठ, सकाळचे सव्वासात.
भेटीची वेळ सुरू व्हायच्या आत
बेचाळीस दारं बघायची आहेत.

दार पूर्ण उघडायचं, काटकोनात न्यायचं
आणि सोडून द्यायचं.
त्यानं आपलं आपण परत यायचं असतं,
न आपटता, न अडता,
आणि शेवटी जीभ खाचेत घालून
टक् म्हणायचं असतं.
टक् नाही तर दार नाही,
नुसती फळी.

फट तीन मिलिमीटर.
मोजायला पट्टी आहे, पण हात आधी खिशात जातो:
दोन रुपयांचं एक नाणं सरकलं तर ठीक,
दोन एकदम सरकली की लिहायचं.

कडेच्या खोबणीत एक काळी पट्टी असते.
ती वर्षानुवर्षं काहीच करत नाही.
तापली की फुगते
आणि धुराला सुईएवढी जागा ठेवत नाही.
इथल्या रंगाऱ्यानं तिला क्रीम रंग फासलाय,
सगळ्या मजल्यांवर, अगदी मन लावून.

सातव्या दारावर पाटी:
'हे दार स्वतः लागते. कृपया मदत करू नये.'
आणि खाली पाचर,
सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा, आठ घड्या घातलेला.

'मीच लावली,' खुडे मावशी म्हणाल्या.
'बारा नंबरचे इनामदार मास्तर,
दार लागलं की विचारतात,
मला कुठं आणलं?'

फॉर्मवर 'अडथळा' आहे. 'काढला' आहे.
'का होता' असा रकाना नाही.

गुडघे टेकून पाचर ओढली.
दार निघालं.
मास्तरांनी मान उचलली,
टक् होईपर्यंत खाली ठेवली नाही.

'बाहेर कोण राहिलं?'
'धूर,' मी म्हटलं. 'आला तर.'
'किती वेळ राहील?'
'दोन तास.'
'शाळेचे की घड्याळाचे?'
'घड्याळाचे.'
'मग पुष्कळ झाले,' म्हणाले,
आणि भिंतीकडे वळले.

मावशींनी पाचर मागितली नाही.
नुसता हात पुढे धरून उभ्या राहिल्या.
मी ती बॅगेत टाकली.

शिफारस:
दार उघडं धरणारा चुंबक बसवावा,
भोंगा वाजताच सोडून देणारा.

पान उलटून मागच्या वर्षीचं बघितलं.
तेच वाक्य.
अक्षर माझंच.