दोनशे चौदा कॉमेंट

गेल्या नारळी पौर्णिमेला
खुर्च्या दीडशे आणि माणसं बावीस,
त्यातली सात कमिटीची, एक मंडपवाला.
म्हणून यंदाच्या मीटिंगला भार्गव खोबरेकर म्हणाले,
पेज काढूया.
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं,
कारण माझं झेरॉक्सचं दुकान आहे
आणि माझा फोन हँग होत नाही.

बायकांची नारळ लढवण्याची स्पर्धा, मालवण जेटी, दुपारी चार.
मी पोस्टर टाकलं. उलटी मोजणी टाकली.
"कोण जिंकणार?" म्हणून मतदान घेतलं,
नावं अजून आली नव्हती, तरी एकशे तीस मतं पडली.
फ्लेक्सची चौकट कापून घेतली:
आत उभे राहा, सेल्फी काढा, आम्हाला टॅग करा.
तीन लाइक.
एक बहिणीचा,
दोन मंडपवाल्याचे, त्याची दोन अकाउंट आहेत.

मग एका रात्री, वीज गेलेली, बॅटरी अठरा टक्के,
मी नुसतं लिहिलं,
जुना फोटो असेल तर पाठवा.

आणि यायला लागले.
मस्कतहून, वसईहून, कुठल्याशा बोटीच्या इंजिनरूममधून,
बुरशी धरलेले, कोपरे दुमडलेले,
काचेतल्या फोटोवर फोटो काढणाऱ्याचंच डोकं उमटलेले.
त्यात ही एक.
नऊवारी खोचलेली, नारळ धरलेला हात वर,
हसताना सगळे दात,
मागे समुद्रात किल्ल्याचा डाग.
मागच्या बाजूला नाव नाही.

कोण ही?

आमची मावशी.
तुझी मावशी डावरी नव्हती.
ही पण नाही, फोटो उलटा छापलाय, किल्ला बघ कुठल्या बाजूला आलाय.
किल्ला बरोबर आहे, तूच उलटा बघतोयस.
(मधेच कोणी गृहकर्ज देऊ करतो.)
रेहाना मुजावर, रत्नागिरी:
हिने माझा नारळ फोडला होता.
वर्ष आठवत नाही. राग आठवतो.

दोनशे चौदावी कॉमेंट
एका शाळकरी मुलाची:
ही तर बँकेसमोर बांगडे विकते ती. प्रभावती.

मी रोज तिच्यासमोरून जातो.
तिच्याकडे फोन नाही. माझा धरला तिच्यापुढे.
तिने हात पुसले पदराला, तरी काचेला लावले नाहीत.
बराच वेळ बघितलं.
"हां. तो नारळ चोरयेचो होतो.
ता लिव नको."
मी निघालो, तर मागून,
"लिव रे झिला. आता कोण पकडतलो?"

पौर्णिमेला खुर्च्या संपल्या.
लोक पालथ्या होड्यांवर बसले, बर्फाच्या खोक्यांवर,
आणि चौकटीतून पोरं आरपार उड्या मारत होती.
रेहाना मुजावर एसटीने आल्या,
पिशवीत एकच नारळ, घरच्या माडाचा.

दोघी समोरासमोर. बोलल्या नाहीत.
प्रभावतीने कमिटीच्या ढिगातले नारळ कानाशी धरून
नखाने टकटक करत अकरा बाजूला टाकले,
बारावा घेतला.
एवढी गर्दी, पण ती टकटक ऐकायला
अख्खी जेटी गप्प.
माझ्या हातात लाइव्ह चालू:
आवाज येत नाही.
आवाज येत नाही भाऊ.
माइक चालू करा.
ॲडमिन झोपला काय?

फुटला तो प्रभावतीचा.
व्हिडिओत ते दिसत नाही.
व्हिडिओत त्या वेळी माझी चप्पल दिसते,
मी फोन खाली करून बघत होतो.

फुटलेला नारळ जिंकणारीचा, हा नियम.
रेहानाबाईंनी तो जोडून बघितला,
एक वाटी प्रभावतीला दिली,
दुसरीतला तुकडा चाकूने काढून माझ्या हातावर ठेवला.
"किती जणांनी बघल्यानी?" प्रभावतीने विचारलं.
अकरा हजार, मी म्हणालो.
"आणि खोबरा?"

आकडा परत बघावा म्हणून फोन काढला,
तर अंगठा नारळाच्या पाण्याने ओला.
फोन मला ओळखेना.
तीनदा विचारलं त्याने,
मी चघळत उभा.