उभे शब्द

शुक्रवारी रात्री हीउमाच्या धक्क्यावर बाबा,
नव्या शर्टात. घड्या तशाच,
कॉलरमागे टाचणी राहिलेली.
मिठी मारताना ती काढून
मी खिशात टाकते.

आई विचारते, तार्तूत बर्फ पडला का गं?
जेवताना पुन्हा तेच.
बाबा दोन्हीदा उठून खिडकीशी जातात,
जणू तार्तू इथून दिसतं.

शनिवारी काल्योनं सॉना तापवला.
वाफेत आमच्यापेक्षा
त्याचा गुडघाच जास्त बोलला.

परतीच्या बोटीवर भूक लागते.
धुरावलेल्या माशाभोवतीच्या वर्तमानपत्रात
कालचं शब्दकोडं.
उभ्या नवव्या शब्दाच्या जागी
आईनं पेनानं भलतंच काही लिहिलंय.
बाबांनी ते खोडलेलं नाही.
आजूबाजूचे बरोबर शब्द
पेन्सिलीनं चुकीचे करून
त्याच्याशी जुळवून घेतलेत.

मासा जरा खारट झालाय.