कच्चा टाका

कालीपा आपा एकतीस वर्षं दूध संकलन केंद्रात
लिटरांचा हिशेब ठेवायची.
निवृत्त झाली आणि एका सकाळी दारोदार फिरली:
घरटी एक ओंजळ लोकर द्या.
पांढरी नाहीतर करडी. काळी नको.
कशाला, ते तिने सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नाही. तिच्या वहीत
आमच्या प्रत्येकाच्या दुधातलं पाणी लिहिलेलं होतं.

साबिरकुलने मेलेल्या एडक्याची आणली.
साल्किनने उशी उसवली.
मॉस्कोत सायकलवरून लोकांची जेवणं पोचवणाऱ्या एर्मेकने
पोस्टाने स्वेटर पाठवला, कोपरावर झिजलेला.
तो पिंजताना मधेच नायलॉनचा धागा निघाला,
कशातच मिसळेना.
आपा म्हणाली, असू दे.
वर बर्फातही सापडतातच की बाटल्या.

मग बोरूच्या चटईवर थर. उकळतं पाणी. साबण.
वळकटी बांधून गाढवाला जुंपली
आणि शाळेपासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून शाळेपर्यंत
दिवसभर लाथा मारत चाललो तिच्यामागे.
जमिनीवरून भांडलेले दोघे भाऊ
शेजारी शेजारी लाथा मारत होते,
त्या दिवसापुरत्या एकमेकांना नाही.

संध्याकाळी दोन बुरणूस तयार.
करडा खाली, पांढरा वर.
आमच्याकडे असंच कापतात,
दोन्ही एकदम, एका सुरीने.
पांढऱ्यातला तुकडा करड्यात बसतो,
करड्यातला पांढऱ्यात.
वाया काही जात नाही.

आपाने कोळसा पुढे केला.
मोंगू कुठवर होती ते काढा.
मोंगू म्हणजे वरची ती. आमच्या ओढ्याची आई.

साबिरकुल म्हणाला, माझ्या लग्नात ह्या खडकापर्यंत होती,
मी घोडा बांधला होता तिथे.
त्याची बायको म्हणाली, खडक तो नव्हेच.
घोडाही तुझा नव्हता.
मी भूगोलाचा मास्तर. माझ्याकडे सोव्हिएत काळातला नकाशा,
नेमका त्याच जागी घडीवर फाटलेला.
सात जणांनी सात रेघा ओढल्या.
सगळ्या खऱ्या.
ज्याचं वय जास्त, त्याची रेघ खाली.

पाचवीतल्या नुरसेझिमने
सगळ्यात वर काढली, आपल्या तळहाताभोवती कोळसा फिरवून.
मी पाहिली तेव्हा एवढी होती.

आपाने सगळ्या रेघांवरून सुरी फिरवली.
आणि मग प्रत्येकाने आपापली पांढरी पट्टी
स्वतःच्या हाताने उचलली,
तिच्या जागी करडी ठेवली.
साबिरकुलने पट्टी खाली ठेवलीच नाही बराच वेळ.
त्याच्या बायकोने ती काढून घेतली,
दुसऱ्या बुरणुसात नीट बसवली,
वर हात फिरवला, चादर सारखी करावी तसा.

असे झाले दोन:
एक सगळा करडा, मधे मुलीच्या हाताएवढं पांढरं.
एक सगळा पांढरा, मधे तेवढंच करडं.
जिल्ह्याहून साहेब आले, त्यांना पांढरा आवडला.
तो आता तिकडच्या सभागृहात आहे.
बर्फ भरपूर दिसतं, म्हणतात, फोटोत.

करडा शाळेत.
डावा पीळ आणि उजवा पीळ अशी दुहेरी दोरी
प्रत्येक जोडावरून शिवली आम्ही, दोन हिवाळे.
फक्त त्या पांढऱ्या हाताभोवती
आपा कुणाला शिवू देईना.
तिथे कच्चा टाका घाला, म्हणाली. पुन्हा उसवायचाय.

परवा नुरसेझिम विचारत होती,
सर, पुढचा करडा तुकडा आत्ताच कापून ठेवू?
मी म्हटलं, सुरी कपाटात आहे.
किल्ली आपाकडे.